तिसऱ्या दिवशी कुणी येत नाही

माझ्याबद्दल असं बोललं जातं की याला कुठलाच व्हिडिओ गेम आवडत नाही. ते खोटं आहे. मला गेम आवडतात, म्हणूनच त्यातला भुसा माझ्याच्यानं गिळवत नाही. ज्याला जेवणाची गोडी नाही त्याला भातात खडा आला काय नि न आला काय. माझ्या मात्र तो नेमका दाताखाली येतो.

लातुरात गंजगोलाईत आमचं भांड्यांचं दुकान आहे. पुढं स्टील, पितळ, अॅल्युमिनियम. मागं एक अरुंद खोली आणि तिच्यात बिलं काढायला म्हणून घेतलेला कॉम्प्युटर. त्यात मी चांगलं ग्राफिक कार्ड बसवून घेतलं आणि वडिलांना सांगितलं की आता बिलं लवकर निघतील. वडील शांत माणूस. सकाळी इष्टलिंगाची पूजा झाली, कपाळाला विभूती लागली की ते गल्ल्यावर बसत आणि दिवसभर कुणाच्या अध्यातमध्यात नसत. मागच्या खोलीतून तोफांचे आवाज येत, तरी बिलाला एवढा दारूगोळा कशाला लागतो असं त्यांनी कधी विचारलं नाही. दुपारी दोन ते पाच गिऱ्हाईक विरळ असायचं. तेवढ्यात मी खेळायचो, आणि खेळून झालं की इंटरनेटवरच्या माझ्या पानावर मराठीत लिहायचो.

मोठ्या कंपन्यांच्या गेमांवर मी शाई वाया घालवली नाही. तिथं दरवर्षी तोच नायक, तीच बंदूक, फक्त दाढी नवी. माझा रोख असायचा तो स्वतंत्र म्हणवणाऱ्यांवर. दोन-तीन माणसं एका खोलीत बसून गेम करतात आणि विकताना अशी नम्रता दाखवतात की विकत न घेणाऱ्यालाच अपराधी वाटावं.

असाच एक गेम होता. त्यात तुम्हाला आजोबांचं शेत मिळतं. गाव हिरवंगार, तळं तुडुंब, दर तीन दिवसांनी पाऊस. सकाळी झारीनं मुळ्याला पाणी घालायचं आणि संध्याकाळी तोच मुळा गावातल्या मुलीला भेट द्यायचा, ती लाजते. मी लिहिलं होतं की हा प्रयोग औसा तालुक्यात करून पाहावा आणि मुलीच्या बापानं मुळ्याचं काय केलं ते कळवावं. दुसऱ्या गेममध्ये धुक्यातून एक कोल्ह्याचं पिल्लू चालत होतं. दोन तास चाललं. मागं पियानो. शेवटी कळलं की ते पिल्लू म्हणजे दुःख. हे पहिल्या मिनिटाला सांगितलं असतं तर पिल्लाचेही पाय वाचले असते. आणखी एकात जग बुडालेलं, माणसं मेलेली, आणि पडद्याच्या कोपऱ्यात दोन पट्ट्या: लाल भुकेची, निळी तहानेची. निळी पट्टी उतरली की पडक्या घरातल्या पिंपाला तोंड लावायचं, गटागट, पट्टी भरली. पिंप काही रिकामं होत नाही. ज्यानं हे पिंप काढलं त्याच्या घरी नळाला चोवीस तास पाणी असणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आणि ते अर्ली अॅक्सेस. म्हणजे गेम अर्धाच झालाय, पण तुम्ही आत्ताच विकत घ्या, उरलेला आम्ही सावकाश करू. माझ्या आईचं माहेर उदगीर. तिथं उदगीर जिल्हा आज होणार, उद्या होणार असं कित्येक वर्षं चाललेलं. एका मामानं तर हुरूपानं दुकानाच्या नव्या पाटीवर ‘जि. उदगीर’ रंगवूनही टाकलं. अर्ली अॅक्सेस म्हणजे माझ्या मामाची पाटी, एवढंच मी लिहिलं, आणि ते वाचकांना फार आवडलं. मामा दोन महिने माझ्याशी बोलला नाही.

एक कबूल करतो. एखाद्या गेमचं मनापासून कौतुक केलं तर माझ्या पानाकडं चिटपाखरू फिरकायचं नाही. खरपूस लिहिलं की गर्दी. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि टाळ्या. दोन-तीन वर्षांत माझी अशी सवय झाली की गेम सुरू झाल्याझाल्या मी शेवटच्या टोमण्याचं वाक्य मनात जुळवायला लागायचो आणि मग त्या वाक्याला शोभेल एवढंच खेळायचो.

मग एका उन्हाळ्यात लातूरचं पाणी संपलं. धरण कोरडं, नळ कोरडे, बोअर कोरडे, आणि पाणी रेल्वेनं आलं. देशभरातले कॅमेरे स्टेशनवर येऊन गेले. दुकानात पितळेला कुणी विचारेना, पण प्लास्टिकचे ड्रम आणि घागरी आल्या तशा गेल्या. दुष्काळात आमचा धंदा चालला हे सांगायला जीभ रेटत नाही, पण चालला. आठ-दहा दिवसांनी गल्लीत टँकर यायचा. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी संडासाला. वडील पूजेला फुलपात्रभर पाणी घेत, ते पळीभरावर आलं.

आणखी एक गोष्ट बदलली, ती कुठल्या कॅमेऱ्यात आली नाही. आमच्याकडं दारात माणूस आला की आधी पाण्याचा तांब्या पुढं येतो. कोण, कुठला, कशाला आला, हे नंतर. ज्याच्याशी कोर्टात तारखा चालू आहेत त्यालाही पाणी विचारतात. त्या उन्हाळ्यात विचारणं बंद पडलं. येणाराही समजूतदार झाला, उंबऱ्यातूनच म्हणायचा की पाणी नको, पिऊनच आलोय. सगळं शहर कुठून तरी पिऊनच आलेलं असायचं. मी दुकानातला पुढचा माठ उचलून मागच्या खोलीत नेला. घरी आई मात्र देत राहिली, अर्धा पेला का होईना. मला तो येडेपणा वाटायचा आणि मी तसं तिला म्हणायचो.

अशात एका दुपारी माझा कॉलेजचा मित्र दुकानात आला. नांदेडला आम्ही चार वर्षं एका खोलीत काढली होती. वजिराबादेतल्या एका कॅफेत शेजारी-शेजारी बसून आम्ही इतके तास खेळलो की कॅफेवाला आम्हाला जेवायला घरी जा म्हणायचा. मित्र मुदखेडचा. पुढं पुण्यात त्याला चांगली नोकरी लागली आणि ती सोडून तो दोन वर्षांपूर्वी मुदखेडला आईजवळ येऊन बसला होता, गेम बनवायला. एकटाच. चित्रं त्याची, आवाज त्याचे, कोड त्याचं. नातेवाईक त्याच्या आईला हळूच विचारत की पोरगं आजारी आहे का. शेवटी घरात असं ठरलं होतं की पावसाळ्यात पुण्याला छोट्या गेमवाल्यांचं एक प्रदर्शन आहे, त्यात याचा गेम निवडला गेला तर हेच काम पुढं चालू ठेवायचं. नाही तर चुलत्यांनी हैदराबादला बघून ठेवलेली नोकरी धरायची.

मुदखेडहून नांदेड, नांदेडहून एसटीच्या लाल गाडीनं लातूर, असा तो भर उन्हात आला होता. उपड्या ड्रमवर बसला आणि म्हणाला, पाणी नको, पिऊनच आलोय. मी बरं म्हणालो. सहा तासांच्या वाटेवरून आलेला माणूस काय पिऊन आला असेल, हा विचार मला तेव्हा शिवला नाही. त्यानं पेन ड्राइव्ह दिला, मी गेम कॉम्प्युटरवर घेतला, आणि मग तासभर मी त्याला माझे गाजलेले टोमणे वाचून दाखवले. तो हसलासुद्धा.

उठताना त्यानं सांगितलं की गेमचा पहिला भाग तो आठ दिवसांनी इंटरनेटवर फुकट ठेवणार आहे, आणि लोक काय म्हणतात ते पाहून प्रदर्शनवाले निवड करतील. मग म्हणाला, "तू आधी खेळ. काय असंल ते खरं सांग. पण मला सांग."

मी हाव म्हणालो.

गेम असा होता. आपल्याकडच्या एका गावातलं घर. तुम्ही घरातली बाई. कोपऱ्यात रांजण, दाराशेजारच्या कोनाड्यात तांब्या, चूल, उंबरा, बाहेर ऊन. निळी पट्टी नव्हती. पाणी किती उरलंय ते बघायला रांजणापाशी जाऊन आत वाकून पाहायचं. स्वयंपाक करायचा, धुणं-भांडी करायची, आणि दिवस ढकलायचे. मधूनमधून दारात कुणी येई. पहिल्या दिवशी शेजारीण आली, पोस्टमन आला, बांगड्या विकणारी म्हातारी आली. जरा वेळ उभे राहिले, ऊन लई हाय एवढं म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी एकटी म्हातारी आली. तिसऱ्या दिवशी कुणीच नाही. रांजण आटला, पडदा पांढरा झाला, खेळ संपला. मी पुन्हा खेळलो. या खेपेला धुणं केलं नाही, पाणी जपलं. तरी तिसऱ्या दिवशी दार मोकळं आणि रांजण कोरडा.

मला कळून चुकलं, म्हणजे मला तसं वाटलं, की हा बग आहे. माणसं दारात आणायचं कोड तिसऱ्या दिवसापासून पुढं बंद पडतंय आणि या गड्याच्या लक्षातच आलेलं नाही. दोन वर्षं घरात बसून अंगण सारवलं आणि घराला भिंतच घातली नाही, असलं वाक्य मनात तयार झालं. ते फार छान होतं. फोनवर त्याला एकट्याला ऐकवून वाया घालवावं असं वाटेना.

ज्या दिवशी त्यानं गेम इंटरनेटवर ठेवला त्याच दिवशी मी लिहिलं. मथळा दिला, ‘तिसऱ्या दिवशी कुणी येत नाही’. आमच्या घशाला कोरड पडलेली असताना हे लोक दुष्काळाची चित्रं काढून पुण्याला दाखवायला निघालेत, असं लिहिलं. पात्रं येऊन उन्हाबद्दल बोलतात आणि जातात, यापेक्षा आमच्या गल्लीतला टँकरवाला जास्त रंगतदार बोलतो, असं लिहिलं. कौतुकाचं एकच वाक्य होतं: भांड्याच्या दुकानदाराच्या नजरेनं सांगतो, कोनाड्यातल्या तांब्याचं चित्र तेवढं झकास आहे.

लेख आगीसारखा पसरला. लातूर, नांदेड, परभणी, पार नायगाव-हिमायतनगरची पोरं तो गेम उतरवून घ्यायला लागली, दोनदा खेळायला लागली आणि खाली लिहायला लागली की हो, सर म्हणतात ते खरंय, तिसऱ्या दिवशी बग आहे. एकानं लिहिलं की बग दुरुस्त करा मग बोला. बाकीच्यांनी त्याचीच री ओढली. मित्राचा फोन आला नाही. रुसला असेल, नाही तर गुपचूप बग दुरुस्त करत बसला असेल, असं मी धरून चाललो. चार शब्द कडू लागले तरी गुण येतो, अशी मी माझी समजूतही घातली.

आठवड्यानं मी दुसरा लेख लिहायच्या तयारीत होतो. बग दुरुस्त केला की नाही, हे बघायचं आणि नसेल तर आणखी एकदा सोलायचं. आई दुपारचा डबा घेऊन दुकानात आली होती. उन्हामुळं लगेच परत न जाता मागच्या खोलीत माझ्या शेजारी स्टुलावर टेकली. आयुष्यात तिनं कधी गेम पाहिला नव्हता. पडद्यावर शेजारीण दारात आली. मी नेहमीसारखं तिच्या जाण्याची वाट बघत बसलो.

आई म्हणाली, "दारात माणूस उभं हाय. पाणी दे की तिला."

मी म्हणालो, असं करता येत नाही, हा गेम आहे, आणि पाणी आधीच कमी आहे. ती म्हणाली, कमी हाय म्हणून काय झालं, तांब्या तर समोरच दिसून राहिलाय. तिला गप्प करायला म्हणून मी कोनाड्यातल्या तांब्यावर माऊस नेऊन दाबलं.

बाईनं तांब्या उचलला. रांजणात बुडवला. शेजारणीच्या हातात दिला. शेजारीण पायरीवर बसली, पाणी प्याली, पदरानं तोंड पुसलं आणि बोलायला लागली. उद्या मारुतीच्या मागं टँकर येणार आहे, तुझी घागर दे, माझ्या घागरीमागं नंबरला लावते. मागून पोस्टमन आला. त्यालाही पाणी दिलं. तो सांगत बसला की वरच्या वाडीत एकानं बोअर गावासाठी खुलं केलंय. बांगड्यावाली म्हातारी दोन घोट पिऊन उरलेलं परत देऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच अर्धी घागर घेऊन दारात उभी राहिली. तिसऱ्या दिवशी उंबऱ्यावर बसायला जागा नव्हती. रांजण कधीच भरला नाही आणि कधीच पुरता आटलाही नाही.

आई कौतुकानं बघत होती. तिला यात नवल काहीच वाटलं नाही, चित्रातली माणसं हलतात याचंच तेवढं. त्या गेममध्ये बग नव्हता. पाणी दिलं नाही तर माणसं यायची बंद होतात, एवढंच त्यानं लिहिलं होतं, आणि तांब्या पुढं कर असं कुठंही लिहिलं नव्हतं, कारण आपल्या माणसाला ते सांगावं लागेल असं त्याला वाटलंच नव्हतं. मी इथला, जन्मापासून तांबे विकणाऱ्याच्या घरातला, आणि मी त्या तांब्याच्या आकाराचं कौतुक करून आलो होतो. नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणतात. मी अंगण वाकडं आहे असं तीन जिल्ह्यांत ओरडून सांगितलं होतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं नांदेडला गेलो, तिथून पॅसेंजरनं मुदखेड. मित्राचं घर स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. दार त्याच्या आईनं उघडलं. मी कोण हे तिला ओळखता आलं नाही, पण तिनं तांब्या आणला, मी प्यालो, आणि मग तिनं विचारलं की बाळा, कुणीकडचा तू. मी लातूरचा म्हटल्यावर तिनं तांब्या पुन्हा भरून आणला. मी दुसऱ्यांदा पिऊ शकलो नाही.

मित्र आतून आला. चिडलेला दिसत नव्हता, ते जास्त जड गेलं. मी सगळं सांगितलं: आई शेजारी बसली, तिनं काय म्हटलं, पुढं काय झालं. तो ऐकत होता. दारात पहिलं माणूस दिसताच माझी आई पाणी दे म्हणाली, हे ऐकताना त्याचा चेहरा पहिल्यांदा जरा खुलला. शेजारीण पायरीवर बसते ते तिनं पाहिलं का, एवढंच त्यानं विचारलं. मी म्हणालो, पाहिलं.

मग म्हणाला, "तुला कळलं न्हाई याचं मला काही न्हाई. तू पहिल्यापासून घाईचा. पण तुझं वाचून एवढी आपली पोरं खेळली, एकानंबी तांब्या उचलून पाहिला न्हाई. त्याचं लई वाटलं."

मी म्हणालो की मी आजच लिहितो. चूक माझी होती असं उघड लिहितो, सगळ्यांना पुन्हा खेळायला लावतो. प्रदर्शनाच्या निवडीला अजून दिवस आहेत.

"काय लिवशील? तांब्या उचला म्हणून?"

त्याच्या आईनं भरून आणलेला तांब्या मी खाली ठेवला.

"सांगून दिलेलं पाणी काय कामाचं? मग ते नुसतं बटन झालं. आपोआप हात गेला तर खेळ हाय, न्हाई तर काहीच न्हाई."

लिहिलं नाही तर पोरं बग म्हणत राहणार. लिहिलं तर गेममध्ये जे होतं तेच मरणार. दोन्हीकडून त्याला मीच गाडलं होतं. मी त्याला म्हणालो की माझं चुकलं, मला माफ कर. तो म्हणाला, जेवून जा.

प्रदर्शनाच्या यादीत त्याचा गेम आला नाही. प्रदर्शनवाल्यांनी त्याला कळवलं होतं की लोकांनी सांगितलेला दोष दूर करून पुढच्या खेपेला पाठवा. त्यानं पाठवला नाही. इंटरनेटवरून काढून टाकला आणि मलाही माझ्याकडचा पुसायला सांगितला, मी पुसला. पोळ्याच्या सुमारास तो हैदराबादला नोकरीवर गेला. तिथं तो बँकांची कसली तरी सॉफ्टवेअरं तपासतो. सणावाराला फोन करतो, नव्या गेमांबद्दल विचारतो, मी काय लिहिलं ते वाचतो. स्वतःच्या गेमचं नाव काढत नाही. अलीकडंच एकदा मी धीर करून विचारलं की गेमचं मूळ कुठं ठेवलंयस का. तो म्हणाला, जुन्या कॉम्प्युटरबरोबर गेलं.

तो लेखही मी काढून टाकला, पण काढून काय होतं. लोकांनी त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवले आहेत. अजून कुणी तरी मधूनच मला तो पाठवतो, खाली हसरे चेहरे, आणि लिहितो की सर, काय धुतलं होतं तुम्ही त्या दिवशी. मी तो पुसून टाकतो. तो गेम कधी तरी पुन्हा बाहेर काढील अशी मला आशा होती, आणि तांब्याचं गुपित फोडलं असतं तर पुढं खेळणाऱ्याला खेळायला काही उरलं नसतं, म्हणून इतकी वर्षं मी हे कुठं लिहिलं नाही. आता लिहायला हरकत नाही. तो गेम आता कुणालाच खेळता येत नाही.